मामा, नट कोणी ढिले केले?

मामा, दहाव्याला तुमचा कावळा येईना.

नीरेच्या घाटावर पिंड ठेवून आम्ही बाजूला झालो. समोरच्या जांभळीवर कावळे बसलेले होते, पण एकही खाली उतरेना. गुरुजी म्हणाले, "काही राहिलं असेल तर बोला." मग ज्याला जे सुचेल ते तो बोलू लागला. मामी म्हणाली, बोट विकणार नाही. कावळा हलला नाही. तुमचे थोरले भाऊ म्हणाले, आंबवड्याच्या देवाला अभिषेक करू. कावळ्याने मान तिरकी केली, एका डोळ्याने आमच्याकडे बघितलं आणि तो तिथंच बसून राहिला. मागून कोणीतरी पुटपुटलं, "शंकररावांचाच कावळा ह्यो. आधी चौकशी करनार, मंग जेवनार." मला हसू आलं. ओढणी तोंडाशी धरून मी ते रडण्यात खपवलं.

मग मी म्हणाले, "मामा, बोटीचं इंजिन मी पाण्यात तपासते. बबनमामांच्या समोर."

बबनमामा घाटाच्या सगळ्यात वरच्या पायरीवर एकटेच उभे होते. त्यांचं नाव निघताच सगळ्या माना तिकडे वळल्या. परत वळून बघतो तर पिंडाला चोच लागलेली. कुठल्या शब्दाला लागली ते कोणालाच कळलं नाही. माझ्याच शब्दाला लागली असं मामी म्हणते. मला खात्री नाही. डोळ्यांनी बघितल्याशिवाय मान डोलवायची नाही, हे तुम्हीच शिकवलं होतंत.

तुम्ही गेलात तेव्हा अर्ध्या गावाचा समज होता की बबनमामांनी तुमच्या बोटीच्या इंजिनाचे नट ढिले केले. तो समज तुम्हीच करून दिला होता, चार माणसांदेखत, मोठ्या आवाजात. एका सकाळी चहाचा कप हातात असतानाच तुमचं हृदय थांबलं आणि तो समज मागे राहिला. बबनमामांना त्याच काठावर राहायचं आहे, तिथंच रोज जाळं टाकायचं आहे. पोरं त्यांना बघून पाना फिरवल्यासारखा हात फिरवतात. ते जाळं उचलतात आणि चालू लागतात.

मी ज्या गोष्टींसाठी तुमची जन्मभर ऋणी आहे, त्यांतली एकही विश्वासाने झालेली नाही. सगळ्या संशयाने झाल्या. आमच्या पासलीतली शाळा संपली तेव्हा आई म्हणाली, पोरीला एखाद्या वसतिगृहात ठेवू. तुम्ही त्या वसतिगृहाची भिंत वाजवून बघितली, जेवणाची डाळ चाखली आणि मला एसटीत घालून सरळ भोरला तुमच्या घरी आणलंत. बारावीच्या निकालाच्या दिवशी मी पेढे घेऊन आले तर तुम्ही विचारलंत, "कशावरून?" इंजिनीअरिंगच्या यादीत माझं नाव लागलं तेव्हा एसटीच्या डेपोतून रजा टाकून तुम्ही पुण्याला आलात आणि फलकावर बोट ठेवून नाव, वडलांचं नाव, आडनाव असं तीनदा वाचलंत. शेजारच्या माणसाला म्हणालात, "दुसरी कुनी ह्याच नावाची नसंल ना?" त्याने नाही म्हटल्यावर तुम्ही त्याच्याकडेही संशयाने बघितलंत. आमच्या घराण्यात पदवी पहिल्यांदा आली ती अशी, तपासून घेतलेली.

कॉलेजात तोंडी परीक्षेला सर प्रश्न विचारायचे तेव्हा बाकीच्यांना घाम फुटायचा. मला फुटला नाही. रोज रात्रीच्या भाकरीबरोबर मी "कशावरून?" खाल्लेलं होतं. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता तेही मला माहीत आहे.

निवृत्त झाल्यावर माणसं देवाला जातात. तुम्ही शिडाची बोट आणलीत. भाटघर धरणाच्या फुगवट्यावर पूर्वी एक पर्यटकांचा कॅम्प होता. तो बंद पडला तेव्हा ही पांढऱ्या फायबरची बोट काठावर कलंडून पडलेली होती. डोलकाठी वाकलेली, शीड उंदरांनी खाल्लेलं, आणि खालच्या फळ्यांखाली एक छोटं डिझेल इंजिन. तुम्ही बोट बघितलीच नाहीत. तुम्ही इंजिन बघितलंत. सबंध आयुष्य बसची इंजिनं उघडलेल्या माणसाला ते एवढंसं इंजिन पोराच्या खेळण्यासारखं वाटलं असणार. गावाने तुमचं नाव 'आरमार' ठेवलं. "आरमार, आज कुठल्या मुलखावर स्वारी?" असं नसरापूरच्या बाजारातसुद्धा माणसं विचारायची. तुम्ही म्हणायचात, "आधी तुझ्या मुलखाचा सात-बारा दाव."

शीड चालतं वाऱ्यावर, आणि आपल्या खोऱ्यातला वारा कधी डोंगराआडून येतो, कधी मधेच बसतो. वाऱ्यावर भरवसा ठेवावा लागतो म्हणून शीड तुम्हाला कधीच आवडलं नाही. इंजिनाचं तसं नव्हतं. इंजिनाला प्रश्न विचारता येतो.

बबनमामा तुमच्या शाळेतले. मामाच्या गावचे सगळेच मामा, तसे ते माझेही मामा. त्यांची होडी तुमच्या बोटीच्या शेजारी बांधलेली असायची. तुम्ही भोरला आणि बोट धरणाच्या काठाला, म्हणून राखण त्यांच्याकडे. ते तुम्हाला "शंकऱ्या" म्हणायचे. असं म्हणणारा तुमच्या आयुष्यात तो एकच माणूस उरला होता.

उन्हाळ्यात धरण उतरतं आणि बोट चिखलावर बसते. तो चिखल मे महिन्यात विटेसारखा कडक होतो. दोन्ही बाजूंनी लाकडाचे टेकू देऊन आपण बोट उभी केली. काठावरचे सगळेच लोक होड्यांची दुरुस्ती तेव्हाच करतात. बोट हलत नाही, पाय भिजत नाहीत, हत्यार पडलं तर बुडत नाही. आपणही तेच केलं. इंजिनाच्या चार पायांखालचे रबर कुजले होते, ते नवे बसवले. मग उरलं ते खरं काम. इंजिनाच्या मागची तबकडी आणि पाण्यातल्या पंख्याच्या दांड्याची तबकडी एकमेकींना अशा भिडल्या पाहिजेत की मधे कुठेच फट राहता कामा नये. जराशी तिरकी बसली की सगळी बोट थरथरते आणि दांडा जिथून बाहेर जातो तिथून पाणी आत येऊ लागतं. चारी पायांचे नट केसभर वर, केसभर खाली करत ती फट घालवायची.

तुम्ही फट मोजायच्या गेजचं पातं मधे सारून म्हणालात, "खाली जातंय. तू बघ."

मी बघितलं. "जात नाही, मामा."

"तुझा हात हलका हाय."

"तुमचा जड आहे. तुम्ही ढकलताय."

"बबन्या, तू बघ."

बबनमामा काठावर बसून जाळं विणत होते. म्हणाले, "मला इचारशील तर दोगं बी खोटं बोलताय. चार तास झालं, हितं माणसाला च्या बी न्हाई."

शेवटी सगळ्यात पातळ पातंसुद्धा कुठून जाईना, तेव्हा तुम्ही नट आवळलेत. मग डेपोतल्या सवयीने प्रत्येक नटावरून खालच्या लोखंडापर्यंत पिवळ्या रंगाची रेघ मारलीत. नट फिरला तर रेघ तुटणार. मी म्हटलं, इथं कोण फिरवायला येतंय? तुम्ही म्हणालात, "विश्वास गेला पानपतात."

श्रावणात धरण चढलं, बोट तरंगली. पहिल्या फेरीला तुम्ही मामीला बसवलंत, मला बसवलंत, बबनमामा सुकाणूपाशी. इंजिन सुरू झालं आणि जरा वेग वाढवताच फळ्या, डबे, मामीच्या बांगड्या, सगळं थरथरायला लागलं. मामी म्हणाली, "अहो, जातं फिरल्यागत काय वाजतंय हे?" तुम्ही इंजिन बंद केलंत. वल्ही मारत आपण परत आलो. धक्क्याला चार माणसं उभी होती, आणि त्यांच्यासमोर तुम्ही बबनमामांना विचारलंत, "नटाला हात कुनी लावला?"

"म्या न्हाई लावला."

"मे म्हयन्यात बरुबर होतं. मंग आता कसं बिघडलं? मधी हितं कोन होतं?"

"म्याच होतो. राखणीला. तूच ठिवलास."

"इंजनाला कटाळून ही बोट मी कुनाला देऊन टाकीन? सांग की. शेजारी होडी कुनाची हाय?"

मी म्हटलं, "मामा, रेघा बघा, एकही तुटलेली नाही." तुम्ही रेघांकडे न बघताच म्हणालात, "पिवळा रंग काय भोरच्या बाजारात मिळत न्हाई?"

असल्या संशयाला उत्तर नसतंच. बबनमामांनी बोटीची किल्ली कमरेची काढून फळीवर ठेवली. म्हणाले, "येतो, शंकरराव."

त्या दिवसापासून ते तुम्हाला शंकरराव म्हणू लागले. दंडाला चिमटा बसावा तसे तुम्ही त्या शब्दाने दचकायचात, मी बघितलं आहे.

माझ्या डोक्यात प्रश्न वळवळत राहिला. मला उत्तर सापडलं ते मामीच्या तक्रारीतून. बोटीत बसायच्या जागेखाली एक झाकण आहे, त्यात ती डबे ठेवते. ती म्हणाली, "उन्हाळ्यात हे मेलं झाकण निघता निघत नव्हतं, लाथ मारावी लागायची. आता बोटानं उघडतंय." मी शिरवळला कामावर गेले तरी ते झाकण डोक्यातून जाईना. आमच्या कारखान्यात एक जण पूर्वी कोकणात बोटींच्या कामाला होते. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "अहो, जमिनीवर बोट टेकूंवर बसते, पाण्यात ती सगळीकडून तोलली जाते. अंग बदलतं तिचं. पाण्यात सोडून चार दिवस थांबायचं आणि मग इंजिन जुळवायचं."

मी लगेच तुम्हाला फोन लावला. तेच आपलं शेवटचं भांडण.

"मामा, नट कोणी हलवले नाहीत. बोटच हलली."

"कशावरून?"

"झाकणावरून. मेमध्ये अडकत होतं, आता अडकत नाही."

"ते लाकूड हाय का? फायबर हाय. फायबर फुगत न्हाई."

"फुगत नाही, वाकतं."

"अगं, मी पस्तीस वर्सं चासी बघितली. बस डेपोत असू दे न्हाईतर वरंधा घाटात, चासी तीच ऱ्हाती. तुला कॉलेजात बोटी शिकवल्या का?"

"नाही शिकवल्या. म्हणून तर म्हणते, उघडून बघू. पाण्यात."

"आन पानी आत आलं म्हंजी?"

"दांडा बांधून ठेवू. नाही येणार."

मला वाटलं, फोन तुटला. मग म्हणालात, "बघू."

तुमच्या 'बघू'चा अर्थ मला आजवर लागलेला नाही. 'नाही' असाही होतो, 'तू म्हणतेस ते बरोबर असेल' असाही होतो. मी चिडून फोन ठेवला. गणपती आले, गौरी आल्या. कारखान्यात माणसं रजेवर, म्हणून मला येता आलं नाही. आणि मग मामीचाच फोन आला.

तेरावं झाल्यावर रविवारी आम्ही तिघं बोटीवर गेलो. मामी, मी आणि बबनमामा. ते यायला तयार नव्हते. मामीनेच त्यांच्या दारात जाऊन सांगितलं, "भावजी, माझ्यासाठी चला." काठावर बघ्यांची गर्दी होती. मला ती हवीच होती.

मी दांडा दोराने बांधला, दोन तबकड्यांमधले बोल्ट काढले आणि गेजचं पातं हातात घेतलं. वरच्या बाजूला सगळ्यात पातळ पातंही जाईना. खालच्या बाजूला मात्र जाडातलं जाड पातं लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं. मी ते मामीला करून दाखवलं, मग बबनमामांच्या हातात दिलं. त्यांनी एकदाच आत घातलं, बाहेर काढलं आणि पुसून परत दिलं. म्हणाले, "पर ह्यानं काय सिद्द झालं? फट पडली येवढंच. कुनी पाडली?" तुमचाच प्रश्न, तुमच्याच सुरात. कडवट हसत ते पुढे म्हणाले, "रेघा बी म्याच मारल्या असतील, पिवळ्या."

नट सैल करायला मी मागच्या पायाखाली हात घातला. तिथं डोळा पोचत नाही, फक्त बोटं पोचतात. बोटांना दोरा लागला. नटाच्या आणि इंजिनाच्या पायाच्या मधे दोरा गुंडाळून त्याला गाठ मारलेली होती. मी आरसा धरून बघितलं. मामीही वाकली. "हा तर माझ्या गोधडीचा दोरा," ती म्हणाली. चारी नटांना तोच दोरा, त्याच गाठी, तेलाने काळ्या पडलेल्या आणि धड. नट एक आटा जरी फिरला असता तरी दोरा कातरला असता.

मामा, तुम्ही रंगावरही विश्वास ठेवला नव्हता. आम्हाला कोणाला न सांगता तुम्ही दुसरी खूण करून ठेवली होती. माझ्यापासूनसुद्धा लपवून! मी काठावरच्या लोकांना तो दोरा दाखवला, मोठ्याने सांगितलं. नटाला कोणी हात लावलेला नाही. बोट पाण्यात आल्यावर तिचं अंग बदललं, बास. पाना फिरवण्याची नक्कल करणाऱ्या पोरांपैकी दोघं तिथं होती. ती खाली बघू लागली.

पण माझा जीव भांड्यात पडला नाही, उलट वर आला. खूण तुमची होती. श्रावणात तुम्हाला फक्त हात घालून बघायचं होतं. मग तुम्ही बघितलंत की नाही? बघितलं नसेल तर बबनमामा चोर आहेत असं मानत तुम्ही गेलात. बघितलं असेल तर ते निर्दोष आहेत हे कळूनही तुम्ही गप्प बसलात. यातलं कुठलं जास्त वाईट, मला ठरवता येईना. मी तिथंच इंजिनाशेजारी बसून राहिले.

बबनमामा हळूच म्हणाले, "आला होता त्यो. गौरी गेल्यावर."

मामीने मान वर केली. "कोण आलं होतं?"

"शंकऱ्या. एकलाच. बोटीत उतरला, लई वेळ खाली होता. वर आला तवा कोपरापतूर तेलात माखला होता. माझ्या होडीत येऊन बसला. म्या काय बोललो न्हाई. त्यो बी न्हाई. मंग हात फुडं केला. तंबाखू मागितली."

"काही बोललेच नाहीत?" मी विचारलं.

"पाण्याकडं बघून म्हनला, 'बबन्या, पानी लई चढलंय औंदा.' बास, येवढंच."

तुम्ही आळ पाण्यावर घातलात. माणसावर घातला नाहीत. मला तेवढ्यावर रडू येणार होतं, पण मामी म्हणाली, "भावजी, खोटं बोलू नका."

मामीचा चेहरा तुमच्यासारखा झाला होता. ती म्हणाली, "त्यांच्या गालात चट्टा निघाला तेव्हा डॉक्टरांनी तंबाखू बंद केली. त्यांनी माझ्या गळ्याची शपथ घेतली होती. मला बरं वाटावं म्हणून रचून सांगू नका."

"वैनी, खरं सांगतो."

"कशावरून?"

बबनमामा गडबडले. टोपी काढली, डोकं खाजवलं. "आता कशावरून सांगू? येकदा न्हाई, त्या दिसापासनं रोजच यायचा, काठ मोकळा झाल्यावर. चुना कमी लागायचा त्याला. आन खाऊन झालं की तोंड धुवायचा आन खिशातली लवंग काढून चघळायचा. म्हनायचा, 'घरी वास गेला तर बायको बोट बुडवंल.'"

मामी फळीवर बसली.

"गौरीच्या मसालेभाताला नवी लवंग आणली होती," ती म्हणाली. "डबा भरून ठेवला होता. परवा उघडला तर तळाला दोनच. मी शेजारणीवर संशय घेतला हो. दोन दिवस तिच्याशी बोलले नाही."

आणि मग मामी भडकली. मामा, तुम्ही जिवंतपणी तिला तशी बघितलेली नाही. "तुम्हाला माहीत होतं ना, डॉक्टरांनी बंद केलीय? तरी दिलीत? रोज? वर चुना मळून? जिवाभावाचे मित्र म्हणवता आणि माणसाच्या तोंडात विष घालता?" काठावरचे लोक ऐकत होते. श्रावणातही ऐकत होते तसेच. बबनमामा मान खाली घालून उभे होते, पण मी त्यांचा चेहरा बघितला. या वेळी आळ खरा होता, आणि तो झेलताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड हसत होतं.

"चुकलं, वैनी," ते म्हणाले. "म्याच दिली."

"मग? आता मान खाली घालून काय होणार?" मामीने पदराने डोळे पुसले, फळीवर पडलेली बोटीची किल्ली उचलली आणि त्यांच्या हातावर आपटली. "ही पोरगी इंजिन जुळवतेय तोवर तिला नटांचे पाने द्या. आणि संध्याकाळी घरी जेवायला या. अजून तुमचं माझं संपलेलं नाही."